ब्रोकोलीच्या अंकुरांच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे गेल्या काही महिन्यांत ब्रोकोलीच्या अंकुरांपासून केलेल्या कॅप्सूल, पावडरी आणि गोळ्यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील अनेकांचा आशय सारखाच असल्यामुळे निवडक पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६४ असून मला कोणताही मोठा आजार नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने ब्रोकोलीच्या अंकुरांच्या कॅप्सूलच्या दोन बाटल्या पाठवल्या आहेत. अंकुरांत मोठ्या ब्रोकोलीच्या शंभरपट गुण असतात आणि त्यांनी कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळे टळते, असे त्याचे म्हणणे आहे. यात तथ्य किती? (कोथरूड, पुणे)

उत्तर : शंभरपटीचा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय आणि त्यांचे सहकारी युएशेंग झांग यांनी १९९२ साली ब्रोकोलीतून सल्फोराफेन हे गंधकयुक्त द्रव्य वेगळे करून दाखवले. (त्याच्या दोनच वर्षे आधी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थोरले बुश यांनी आपल्याला ब्रोकोली मुळीच आवडत नसल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे या भाजीला तेथे दोनदा प्रसिद्धी मिळाली.) पुढे १९९७ मध्ये जेड फाही, झांग आणि तलालय यांनी असे दाखवले, की बी रुजवल्यानंतर तिसऱ्या दिवशीच्या अंकुरांत या द्रव्याचे मूळ रूप पूर्ण वाढलेल्या गड्ड्याच्या तुलनेत, वजनास वजन धरता, दहा ते शंभरपट असते. म्हणजे शंभर ही वरची मर्यादा आहे. शिवाय अंकुर हे द्रव्य नव्याने फारसे तयार करत नाही. ते बियांत आधीच साठलेले असते आणि रोप वाढत जाते तसे विरळ होत जाते. कोणत्या वाणाचे बी आहे यावरही त्याचे प्रमाण पुष्कळ बदलते.

आता हे ‘मूळ रूप’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे लागेल, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया तोच आहे. अखंड अंकुरात सल्फोराफेन जवळपास नसतेच. त्यात असते ग्लुकोराफनिन, जे स्वतः निष्क्रिय आहे, आणि त्यापासून वेगळे साठवलेले मायरोसिनेज नावाचे एन्झाइम. वनस्पती चावली, चिरली किंवा वाटली गेली, की पेशी फुटून दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन तयार होते. हे रसायन आपल्या स्वयंपाकघराला मुळीच परके नाही. कोरड्या अख्ख्या मोहरीला वास नसतो. तीच पाण्याबरोबर फेसली की नाकात झणका जातो. आणि तीच गरम तेलात तडतडली की झणका येत नाही. मोहरीत ग्लुकोराफनिनऐवजी सिनिग्रिन असते एवढाच फरक. एन्झाइम त्याच कुळातले, आणि उष्णतेने ते मरते हेही तसेच.

सल्फोराफेन शरीरात काय करते, याचा अभ्यास चांगला झाला आहे. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते. कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि ते सतत नष्ट होत राहील अशी व्यवस्था करते. सल्फोराफेन कीप-१ला चिकटले की ही पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात पोहोचते आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणारी व ग्लुटाथायोन (शरीराचे स्वतःचे संरक्षक द्रव्य) वाढवणारी अनेक एन्झाइमे बनवण्याचा आदेश देते. जाहिराती सल्फोराफेनला ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ म्हणतात ते म्हणूनच बरोबर नाही. पेशींची हानी करणाऱ्या अतिक्रियाशील कणांना ते स्वतः निकामी करत नाही. शरीराची स्वतःची यंत्रणा काही काळ अधिक जोमाने चालवते.

मात्र पेशीत एन्झाइम वाढणे ही एक गोष्ट आणि माणूस आजारी न पडणे ही दुसरी. निरोगी माणसांना वर्षानुवर्षे या कॅप्सूल देऊन त्यांच्यात कर्करोग, हृदयविकार किंवा विस्मरण कमी झाले, असे दाखवणारी एकही चाचणी झालेली नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहाराची उत्पादने बाजारात येण्यापूर्वी त्यांची परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. आपल्या बाटलीच्या मागच्या बाजूला, हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही, असे बारीक अक्षरांत छापलेले सापडेल. मुलालाही ते वाचायला सांगावे. आपण इतर औषधे घेत नसाल, तर आलेल्या बाटल्या संपवल्याने अपाय होण्याची शक्यता कमी आहे. नव्या मागवण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : एका बाटलीवर ‘ब्रोकोली अर्क ५०० मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे, तर दुसरीवर ‘ग्लुकोराफनिन ३० मिलिग्रॅम, मायरोसिनेजसह’. पहिली बरीच स्वस्त आहे आणि तिच्यात मात्राही जास्त दिसते. कोणती घ्यावी? (ठाणे)

उत्तर : पहिल्या बाटलीवरच्या ५०० या आकड्यातून काहीच कळत नाही. अर्क म्हणजे वाळवलेल्या वनस्पतीचा कोणताही भाग कोणत्याही प्रमाणात असू शकतो. तो अंकुरांचा आहे की गड्ड्याचा, त्यात ग्लुकोराफनिन किती आहे, हे सांगितल्याशिवाय त्या वजनाला अर्थ नाही. दुसऱ्या बाटलीने निदान मोजता येईल असे काही सांगितले आहे, म्हणून तिचाच हिशेब करून पाहू.

तीस मिलिग्रॅम ग्लुकोराफनिन म्हणजे शास्त्रज्ञांच्या मापात सुमारे ६९ मायक्रोमोल. त्याचे सगळे सल्फोराफेन झाले, तर ते १२ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. पण सगळे कधीच होत नाही. कॅप्सूलमध्ये एन्झाइम नसेल, तर रूपांतराचे काम मोठ्या आतड्यातील जिवाणूंवर सोपवलेले असते आणि ते सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच होते. काहींच्या आतड्यात याहून चांगले, काहींच्या जवळपास शून्य. म्हणजे हाती लागले एक-सव्वा मिलिग्रॅम. जिवंत मायरोसिनेज सोबत असेल, तर मोजणीत हे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चार ते पाच मिलिग्रॅम. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या अभ्यासातही ताजे अंकुर खाणाऱ्यांच्या रक्तात एन्झाइमविरहित गोळ्या घेणाऱ्यांच्या कित्येक पटींनी अधिक सल्फोराफेन आढळले होते.

पुढील प्रश्नांत ज्या चाचण्यांचा उल्लेख येईल, त्यांत सल्फोराफेनची रोजची मात्रा बहुधा १०० ते १५० मायक्रोमोल, म्हणजे साधारण १८ ते २७ मिलिग्रॅम, आणि एका चाचणीत तर ६० मिलिग्रॅम होती. चाचणीचा निष्कर्ष जाहिरातीत छापायचा आणि बाटलीत त्याच्या विसाव्या हिश्शाइतके द्रव्य भरायचे, हा या धंद्यातला सर्वांत मोठा गैरप्रकार आहे असे माझे मत आहे, आणि तो बेकायदा ठरत नाही हे अधिक वाईट.

तेव्हा घ्यायचीच असेल तर दुसरी घ्यावी. मायरोसिनेज हे नाजूक प्रथिन असल्याने उन्हात तापलेल्या गोदामात किंवा टपालाच्या प्रवासात ते निकामी होऊ शकते, हे मात्र लक्षात असू द्यावे. आपल्याकडच्या उत्पादनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना असणे आवश्यक आहे. ज्या बाटलीवर ती सूचना नाही आणि वर मधुमेह किंवा कर्करोग बरा होण्याचे आश्वासन आहे, ती दुकानात परत ठेवावी. असे आश्वासन देणारी जाहिरात १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याखाली आक्षेपार्ह ठरते.

प्रश्न : गोळ्यांपेक्षा ब्रोकोलीच खाल्ली तर? आणि ब्रोकोली महाग पडते, तर आपल्या कोबी, मुळा, मोहरी, शेवग्याच्या पाल्यात हे गुण नसतात का? (दादर, मुंबई)

उत्तर : ब्रोकोली खावी, पण आपण ती ज्या पद्धतीने शिजवतो तीत सल्फोराफेन फारसे उरत नाही. उकळत्या पाण्यात टाकून मऊ केलेल्या ब्रोकोलीतले एन्झाइम मरते आणि ग्लुकोराफनिनही पाण्यात उतरते. त्यापेक्षा तुरे बारीक चिरून अर्धा तास तसेच ठेवावेत, म्हणजे कच्चेपणीच रूपांतर होऊन जाते, आणि मग दोन-तीन मिनिटे वाफवावेत. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाने २०१८ मध्ये बारा निरोगी व्यक्तींना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा एक ग्रॅम मोहरीची पूड घालून दिली. पूड घातल्यावर शरीराला मिळालेले सल्फोराफेन चौपटीहून अधिक होते. त्यांनी वापरलेली तपकिरी मोहरी म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यातलीच जात. पूड कच्ची असावी आणि भाजी उतरवल्यानंतर वरून घालावी. फोडणीतल्या मोहरीचा या कामी उपयोग नाही.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी आणि अळीव ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत, आणि शेवगा त्याच गणातला जरा दूरचा नातेवाईक. प्रत्येकात ग्लुकोराफनिनसारखे वेगळे द्रव्य आणि त्यापासून होणारे वेगळे तिखट संयुग असते. मुळ्यातले सल्फोराफिन हे रचनेने सल्फोराफेनच्या अगदी जवळचे आहे, अळिवातले आणि शेवग्यातले थोडे निराळे. शेवग्याच्या संयुगाकडे जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनीही लक्ष दिले आहे. तथापि माणसांवरच्या चाचण्या मुख्यतः ब्रोकोलीवर झाल्या असल्यामुळे ‘मुळा खाल्ला की तोच लाभ’ असे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. किसलेल्या कच्च्या मुळ्याची कोशिंबीर आणि कोबीची पचडी मात्र आठवड्यातून तीन-चार वेळा पानात असावी, आणि त्यासाठी सल्फोराफेनचे कारण लागत नाही.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, तरी उपाशीपोटीची साखर १६० च्या खाली येत नाही. ब्रोकोलीच्या अर्काने साखर उतरते हे स्वीडनमध्ये सिद्ध झाले असून मेटफॉर्मिन बंद करता येते, असे एका चित्रफितीत ऐकले. (सांगली)

उत्तर : चित्रफितीतले पहिले अर्धे वाक्य बऱ्यापैकी खरे आहे आणि दुसरे धोकादायक आहे.

स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत टाइप-२ मधुमेहाचे ९७ रुग्ण होते. त्यांना बारा आठवडे अंकुरांचा संहत अर्क किंवा तशीच दिसणारी औषधविरहित पावडर देण्यात आली. अर्कात रोज सुमारे १५० मायक्रोमोल सल्फोराफेन होते. लठ्ठ आणि साखर नियंत्रणात नसलेल्या रुग्णांमध्ये उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही दोन्ही उतरली. ज्यांची साखर आधीच आटोक्यात होती त्यांना उल्लेखनीय फरक पडला नाही. यकृत रात्रभर जी जास्तीची साखर तयार करते, ती सल्फोराफेनमुळे कमी होते, असा त्यामागचा खुलासा आहे, आणि तो प्राण्यांवरील प्रयोगांशी जुळतो. पण ही गोष्ट चित्रफितीने सांगितलेली नसणार : त्या चाचणीतील जवळपास सर्व रुग्ण मेटफॉर्मिन घेतच होते. अर्क औषधाच्या जोडीला दिला होता. औषधाच्या जागी तो तपासलाच गेला नाही.

त्याच गटातील संशोधकांनी २०२५ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांची ही चाचणी ७४ जणांनी पूर्ण केली. उपाशीपोटीची साखर तुलनेने सरासरी ०.२ मिलिमोल, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांच्या मापात साधारण साडेतीन-चार मिलिग्रॅमनेच उतरली, आणि संशोधकांनी आधी ठरवलेले उद्दिष्ट ०.३ मिलिमोलचे असल्यामुळे ते साधले गेले नाही. काही व्यक्तींमध्ये मात्र उतार जास्त होता आणि तो त्यांच्या आतड्यातील जिवाणूंच्या विशिष्ट जनुकांशी संबंधित असल्याचे दिसले. मला या संशोधनातला हा भाग सर्वांत लक्षवेधी वाटतो, कारण एकच पावडर एकाला लागू पडते आणि शेजाऱ्याला का पडत नाही, याचा धागा तेथे सापडण्यासारखा आहे.

आपल्याला यातून काय घ्यायचे? मेटफॉर्मिन चालू असूनही साखर १६० असेल, तर औषधयोजनेचा फेरविचार करायला आपल्या डॉक्टरांकडे लवकर जाणे हे पहिले काम. अर्क घ्यायचाच झाला, तर त्यांना सांगून, औषधे न थांबवता आणि घरच्या यंत्रावर साखर तपासत घ्यावा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असणाऱ्यांनी साखर फार खाली जाण्याची शक्यता ध्यानात ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावांची प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. आता रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन) हळूहळू वाढत आहे. या गोळ्यांनी ते थांबेल का? (नागपूर)

उत्तर : नेमक्या अशाच रुग्णांवर फ्रान्समध्ये एक चाचणी झाली व ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर पीएसए वाढू लागलेल्या ७८ पुरुषांना सहा महिने रोज ६० मिलिग्रॅम स्थिर केलेले सल्फोराफेन किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. चाचणीची जी मुख्य कसोटी आधी ठरवली होती, तिच्यावर फरक सिद्ध झाला नाही. पीएसए दुप्पट होण्याचा काळ मात्र सल्फोराफेनच्या गटात लांबला. त्याच सुमारास ओरेगनमध्ये वीस रुग्णांवर झालेल्या लहान चाचणीत पीएसए निम्म्याने उतरलेला रुग्ण एकच निघाला. एवढ्यावरून कोणताही कर्करोगतज्ज्ञ उपचार म्हणून हे सुचवणार नाही. शिवाय मात्रेचा मुद्दा आहेच : ६० मिलिग्रॅम सल्फोराफेन मिळवायला बाजारातल्या साध्या कॅप्सूलचा ढीग गिळावा लागेल.

एक इशारा येथे ठळकपणे द्यायला हवा. एनआरएफ-२ जागे होणे निरोगी पेशीला उपकारक असते; परंतु काही अर्बुदांत, विशेषतः फुप्फुसाच्या काही कर्करोगांत, कर्करोगाच्या पेशींनी हीच यंत्रणा कायमची चालू करून घेतलेली असते आणि केमोथेरपीपासून त्या तिच्याच आधारे बचाव करतात. म्हणून केमोथेरपी किंवा किरणोपचार चालू असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय सल्फोराफेनचे पूरक घेऊ नये. ‘नैसर्गिक आहे, घेतले तर बिघडते कुठे’ हा युक्तिवाद या ठिकाणी तरी चालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. पालकांच्या गटात सर्वजण ब्रोकोलीच्या अंकुरांच्या गोळ्यांची चर्चा करतात. काहींनी सुरूही केल्या आहेत. मी द्यायला उशीर करते आहे का, अशी रुखरुख लागते. (नाशिक)

उत्तर : ताई, आपण उशीर करत नाही. ही चर्चा कोठून सुरू झाली ते सांगतो. ताप आला असताना काही स्वमग्न मुलांचे वागणे तात्पुरते सुधारते, असे अनेक पालक सांगतात. तापात पेशींची जी संरक्षक यंत्रणा जागी होते, तिच्याशी सल्फोराफेनच्या कामाचे साम्य असल्यामुळे अमेरिकेत एक चाचणी घेण्यात आली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत १३ ते २७ वर्षे वयाचे ४४ मुलगे व तरुण होते. अठरा आठवड्यांत सल्फोराफेन घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या वागण्यात आणि सामाजिक प्रतिसादात सुधारणा नोंदली गेली. गोळ्या थांबवल्यावर ती बऱ्याच अंशी मावळली. बातमी जगभर पसरली आणि आजही तीच फिरते आहे.

त्यानंतरची बातमी तितकी फिरली नाही. तीन ते बारा वर्षांच्या मुलांवर, म्हणजे आपल्या मुलाच्या वयोगटात, झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. डॉक्टरांनी केलेल्या मुख्य मूल्यमापनात सल्फोराफेन आणि औषधविरहित गोळी यांच्यात खात्रीलायक फरक आढळला नाही. शिवाय २०१४ च्या चाचणीत पूर्वी झटके येऊन गेलेल्या दोघांना पुन्हा झटका आल्याची नोंद आहे. तो सल्फोराफेनमुळेच आला असे त्यातून सिद्ध होत नाही, पण मुलाला पूर्वी कधी झटके आले असतील तर हा प्रयोग करू नये. एरवीही बालमेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. वाचाउपचार, व्यवसायोपचार आणि शाळेतला विशेष आधार यांवर जो वेळ आणि पैसा आपण घालता आहात, तो कमी करून या बाटल्यांकडे वळवावा इतका पुरावा आज नाही.

प्रश्न : आमच्याकडे कोळशाचा धूर आणि धूळ बारा महिने असते. प्रदूषणाचे विष ब्रोकोलीच्या अंकुरांनी बाहेर पडते, हे खरे आहे का? माझ्या सासऱ्यांना दम्यासारखा जुनाट श्वसनविकारही आहे. (चंद्रपूर)

उत्तर : या बाबतीतला पुरावा इतर दाव्यांपेक्षा बरा आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ छीतोंग नावाचा भाग आहे. तेथील २९१ रहिवाशांना बारा आठवडे रोज अंकुरांच्या अर्काचे पेय देण्यात आले आणि त्यांच्या लघवीची तपासणी करण्यात आली. हवेतून शरीरात गेलेल्या बेंझिनचे निरुपद्रवी केलेले रूप लघवीवाटे बाहेर पडण्याचे प्रमाण, साधे पेय घेणाऱ्यांच्या तुलनेत, ६१ टक्क्यांनी वाढले, धुरातल्या ॲक्रोलीन या दुसऱ्या विषारी द्रव्याचे २३ टक्क्यांनी वाढले. आणि ही वाढ पहिल्याच दिवसापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली. त्या पेयातील सल्फोराफेन तयार करण्यासाठी मुळ्याच्या अंकुरांतले एन्झाइम वापरले होते, हे आपल्याकडच्या वाचकांना आवडेल. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निचरा वाढला एवढे त्यातून निश्चित कळते. त्यामुळे कर्करोग किंवा फुप्फुसाचे विकार कमी होतात का, हे तपासायला बारा आठवडे पुरत नाहीत. आणि धुळीचे कण फुप्फुसात रुततात, त्यांच्यावर या एन्झाइमांचा काही इलाज नाही. सासऱ्यांच्या बाबतीत उत्तर अधिक स्पष्ट आहे. त्यांचा विकार सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार) असेल, तर अशा ८९ रुग्णांवर चार आठवडे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १५० मायक्रोमोलच्या मात्रेनेही त्यांच्या फुप्फुसांतील एनआरएफ-२ची यंत्रणा जागी झाली नाही. त्यांचा इन्हेलर नियमित चालू राहील याकडे लक्ष द्यावे आणि चुलीचा किंवा शेगडीचा धूर घरात असेल तर तो आधी बंद करावा.

प्रश्न : जुन्या आम्लपित्ताच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला आहे. प्रतिजैविकांऐवजी अंकुर चालतील का? (रत्नागिरी)

उत्तर : चालणार नाहीत. जपानमध्ये या जंतूची लागण झालेल्या ४८ जणांवर एक चाचणी झाली. त्यांतील एका गटाने आठ आठवडे रोज ७० ग्रॅम ब्रोकोलीचे अंकुर खाल्ले. त्या गटात जंतूंचा जोर कमी झाला, पण अंकुर थांबवल्यावर दोन महिन्यांत तो पूर्वपदावर आला. डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकांचा क्रम पूर्ण करावा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे; कोबीवर्गीय काही खाऊ नका असे सांगतात. शिवाय यजमानांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारे औषध आहे. आम्ही दोघांनी हे पूरक घ्यावे का? (मडगाव)

उत्तर : थायरॉइडबाबतची भीती बरीच अतिरंजित आहे. छीतोंगच्या ज्या पेयाचा उल्लेख वर आला, ते १२ आठवडे घेणाऱ्यांच्या थायरॉइडच्या कार्यात बदल झाला नसल्याचे स्वतंत्रपणे तपासले गेले आहे. शिजवलेला कोबी किंवा फ्लॉवर आपण सोडू नये. गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी एकटी घ्यावी. यजमानांचे औषध वॉर्फरिन किंवा असेनोकुमारोल असेल, तर प्रश्न ‘के’ जीवनसत्त्वाचा आहे. ब्रोकोलीत ते भरपूर असते आणि रोजच्या प्रमाणात अचानक वाढ झाली की औषधाचा परिणाम घटतो. त्यांनी हिरव्या पावडरी स्वतःहून सुरू करू नयेत. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नसल्यामुळे त्यांनीही पूरके टाळावीत. बाकीच्यांना होणारा त्रास बहुधा पोटात वायू होणे, मळमळ आणि गंधकाच्या वासाच्या ढेकरा एवढाच असतो.

प्रश्न : मटकी-मुगाला मोड आणतो तसे ब्रोकोलीच्या बियांना घरीच मोड आणून कच्चे खावेत असा विचार आहे. बी कृषी सेवा केंद्रात मिळते. (कोल्हापूर)

उत्तर : कृषी सेवा केंद्रातले बी आणू नये. पेरणीच्या बियांना बुरशीनाशक, बहुधा थायरम, चोळलेले असते. गुलाबी किंवा लालसर रंग ही त्याची खूण, आणि ते धुऊन जात नाही. खाण्यासाठी म्हणून विकले जाणारे, प्रक्रिया न केलेले बीच वापरावे.

बी चांगले मिळाले तरी कच्चे मोड हा विषय जरा गंभीर आहे. जंतू बियांच्या सालीच्या फटीत दडलेले असतात, आणि ऊब व ओल या ज्या दोन गोष्टी मोडांना लागतात, त्याच जंतूंनाही मानवतात. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुले ई-कोलायच्या घातक प्रकाराने आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या अंकुरांवर गेला. २०११ मध्ये जर्मनीत तशाच साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडून पन्नासहून अधिक दगावले. त्या साथीचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. आपण मटकीची उसळ शिजवतो म्हणून इतके दिवस निभावले आहे. ब्रोकोलीचे अंकुर शिजवले की एन्झाइम जाते, आणि कच्चे खाल्ले की ही जोखीम येते.

निरोगी प्रौढांनी करून पाहायचेच असेल, तर बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी, बी आठ तास भिजवून दिवसातून तीनदा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने खंगाळावे, पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान अंकुर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर सगळे टाकून द्यावे. कोल्हापुरातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये. थंडीचे दिवस बरे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, सत्तरीपुढची मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांच्या पानात कच्चे मोड, कोणत्याही धान्याचे, वाढू नयेत.